सासूबाईंच्या नावाचे साठ हजार

पत्र

नमस्कार. मी दापोली तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. वय ६१. डोंबिवलीत जन्म गेला, बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. सासूबाई गावी एकट्या होत्या म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं इकडे राहायला आलो. गेल्या कार्तिकात त्या गेल्या. आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. गावजेवण न घालता त्यांच्या नावाने ६०,००० रुपये चांगल्या कामाला द्यावेत असं माझ्या मनात आहे. दीर म्हणतात, देवळाचा जीर्णोद्धार चाललाय, सगळे तिथेच द्या, आईच्या नावाची फरशी लागेल.

मे महिन्यात मुलगी जर्मनीहून आली होती. तेव्हा आम्ही जवळच्या एका बालगृहात दोन गोण्या कपडे दिले. त्यात सासूबाईंची लुगडीही होती. मुलीने मुलांसोबतचा फोटो फेसबुकवर टाकला, तर संस्थेच्या बाईंनी फोन करून तो काढायला लावला. महिन्याभराने मी सहज डोकावले, तर त्याच गोण्या मागच्या पडवीत तशाच पडलेल्या आणि एकीवर मांजर व्यालेलं. घरी येऊन रडले. आता विश्वासच बसत नाही.

पैसे कुणाला द्यावेत? संस्था खरी की नाही हे कसं ओळखायचं? मुलगीही काही पाठवायचं म्हणते. आणि पैशांपलीकडे माझ्या हातून काही होण्यासारखं आहे का? गुडघे दुखतात, गाडी चालवता येत नाही.

– एक वाचक, ता. दापोली

उत्तर

ताई,

तुमच्यासारख्या गोण्या मीही वाहिल्या आहेत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी शिरलं, त्यानंतर तीन दिवसांनी आम्ही चार-पाच जण रत्नागिरीहून टेम्पो भरून निघालो. साड्या, शर्ट, चादरी, बिस्किटांचे पुडे. आपण फार मोठं काम करतोय अशा थाटात बसलो होतो. बाजारपेठेमागच्या एका गल्लीत एक बाई दारात उभी होती, चिखल तिच्या पोटऱ्यांपर्यंत. मी साडी पुढे केली. ती साडीकडे बघेचना. म्हणाली, "कापडं ठेवू खंय? आधी चिखल काढूक व्हयो. खोरा आसा का तुमच्याकडं?" ती मूळची मालवणकडची असावी. खोरं नव्हतं. घमेलं नव्हतं, खराटा नव्हता, गमबूट नव्हते. टेम्पोत माणूस आत्ता ज्यासाठी अडलंय असं काहीही नव्हतं. दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला इतरांनी आणलेल्या कपड्यांचे ढीग पावसात भिजताना दिसले, तेव्हा आमचा थाट उतरला. शेवटी सावर्ड्याला मागे फिरलो, मिळाली तेवढी खोरी-घमेली घेतली आणि अंधार पडेपर्यंत एका घरातला गाळ उपसला. त्या दिवसाचं आमचं खरं दान तेवढंच.

त्या बाईने मला तोंडावर "नको" म्हटलं, कारण मी तिला पुन्हा कधी भेटणार नव्हतो. तुमच्या बालगृहाच्या बाईंना ती सोय नव्हती. दारात आलेल्या माणसाला नाही म्हटलं तर तो परत येत नाही, चार ठिकाणी "फार माज आहे हो त्यांना" असं सांगत सुटतो. म्हणून त्या हसून घेतात आणि पडवीत ठेवतात. दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या घरात नऊवारी लुगड्यांचं त्या काय करणार होत्या, ताई? तुम्ही तेव्हा दुःखात होता, सासूबाईंचं कपाट रिकामं करायचं होतं. ते मी समजू शकतो. पण ती गरज तुमची होती, त्यांची नव्हे.

आता फोटोचं. यात तुम्हाला अपमान वाटला, मला मात्र तुमच्या पत्रातली सगळ्यात भरवशाची गोष्ट तीच वाटली. बालगृहातल्या मुलाचं नाव, शाळा, फोटो, ज्यातून ते मूल ओळखू येईल असं काहीही प्रसिद्ध करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मनाई आहे. घरातल्या कुणाच्या छळातून सुटून आलेलं मूल तिथे असू शकतं, आणि त्याला शोधणारा माणूस फेसबुकवर असू शकतो. देणगीदार दुखावेल हे माहीत असूनही त्या बाईंनी फोन केला. मी असतो तर संस्था शोधायला लांब गेलोच नसतो. तुमच्या साठ हजारांतला मोठा वाटा तिथेच जावा असं माझं मत आहे.

त्याआधी एक फोन करा. मात्र "तुम्हाला काय हवंय?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "काहीही चालेल ताई" हेच येतं, पिढ्यान्‌पिढ्या तेच येत आलंय. "या महिन्यात कुठलं बिल भरायचं राहिलंय?" असं विचारा. "गेल्या वर्षी काय आलं जे वापरताच आलं नाही?" हेही विचारा आणि मग गप्प राहा. पहिल्यांदा त्या संकोचतील. दुसऱ्यांदा विचारलंत की स्वयंपाकीणबाईंचा पगार, गॅसची टाकी, विजेचं बिल, गाडीचे टायर, पावसाळ्याआधी बदलायचे पत्रे असलं काहीतरी बाहेर येईल. या गोष्टींना देणगीदार मिळत नाही. पंख्याला मिळतो, कारण पात्यावर नाव रंगवता येतं. पगारावर कुणाचं नाव रंगवणार? मी एका वृद्धाश्रमात एकाच खोलीत तीन भिंतीवरची घड्याळं पाहिली आहेत, तिन्हींवर तीन स्वर्गीय नावं आणि तिन्हींत वेगळी वेळ. सेलचे पैसे कुणी दिले नव्हते.

जेवणाचंही असंच. पितृपक्षात आणि दिवाळीत वृद्धाश्रमांत गोडाधोडाचा पूर येतो. मधुमेहाच्या आजोबांना एका दिवसात दोनदा श्रीखंड. आणि आषाढात, रस्ते खचलेले, एसटी वेळेवर नाही, तेव्हा तिकडे काळं कुत्रं फिरकत नाही. तुम्हाला सासूबाईंच्या नावाने जेवण घालायचंच असेल तर तिथीच्या दिवशी शंभर रुपयांचं फूल वाहा आणि जेवणाचे पैसे जुलैच्या एखाद्या आठवड्यासाठी लावून द्या. साधं वरण-भात, उसळ. पितरांना पंचांग लागत असेल, भुकेला लागत नाही.

रकमेबद्दल माझा सल्ला असा: साठ हजार एकदम देऊ नका. महिन्याला ४,००० असे वर्षभर बालगृहाला द्या, बँकेतून थेट, ठरलेल्या तारखेला. एकदम आलेली रक्कम बहुतेकदा बांधकामात जाते. दरमहा येणारी रक्कम धरून एखादी संस्था माणूस कामावर ठेवू शकते. पावतीवर "चालू खर्चासाठी" असं लिहून घ्या. "कायम निधी" असं लिहिलंत तर मूळ रक्कम तशीच ठेवून फक्त व्याज वापरलं जाईल आणि मग ती स्वयंपाकीण पुन्हा वाट बघत बसेल. याचे होतात ४८,०००. उरतात १२,०००.

त्यातले काही देवळाला द्या. हो, द्याच. गावात राहायचं तर देवळाची वर्गणी ही देणगी नसते, ती भाऊबंदकी असते. शिमग्याला पालखी तुमच्या अंगणात येणार आहे, उद्या रात्री-बेरात्री नवऱ्याला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर भाऊजीच गाडी काढणार आहेत. घरटी जेवढं ठरलं असेल तेवढं, किंवा थोडं वर, आनंदाने द्या. फक्त त्याची सासूबाईंच्या संकल्पात गल्लत करू नका. भाऊजींना सांगा, वर्गणी घराची, हे पैसे आईचे. त्या शेवटची वर्षं कशासाठी झुरल्या हे तुम्हाला आणि त्यांना दोघांनाही माहीत असेल, ते बोलून काढा. पाण्यासाठी, सोबतीसाठी, की नातवंडांसाठी?

गावाबाहेर कमवायचं आणि गावासाठी बाजूला काढायचं, ही तुमच्या तालुक्याला काही नवीन रीत नाही. मुरुडच्या महर्षी कर्व्यांनी एकोणिसाव्या शतकातच गावाच्या कामांसाठी 'मुरुड फंड' काढला होता. पुढे गिरणगावातल्या खोल्याखोल्यांतून प्रत्येक गावाचं एकेक 'मुंबई मंडळ' निघालं, त्यांच्या वर्गणीतून कोकणात किती शाळांवर कौलं चढली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. तुमच्या गावाचंही मंडळ असेल. त्यांच्या वहीत डोकवा, कधीकधी खात्यात पैसे पडून असतात आणि काम सुचवणारं कुणी नसतं.

संस्था खरी की खोटी, हे तुम्ही बँकेतल्या बाई असून मला विचारताय याची गंमत वाटली. कर्ज देताना पाहत होता तेच पाहा. महाराष्ट्रातली विश्वस्त संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते. नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला असतो, आणि दरवर्षी तपासलेले हिशेब तिथे द्यावे लागतात. मागच्या दोन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल मागा. चांगल्या संस्था तो फायलीतून काढून पुढे ठेवतात. "अहो ताई, इथे देवाचं काम चालतं, अहवाल कसला?" असं जो म्हणेल त्याला नमस्कार करून निघा. मुलं ठेवणाऱ्या संस्थेला वर बाल न्याय कायद्याखालचीही नोंदणी लागते, आणि मुलं बाल कल्याण समितीच्या आदेशाने यावी लागतात. आणि न कळवता एकदा जा, पावसाळ्यात, दुपारी तीनच्या सुमारास. संडास बघा, स्वयंपाकघर बघा. तुम्ही डोकावलात, त्यांनी तुम्हाला मागच्या पडवीपर्यंत जाऊ दिलं, गोण्या लपवल्या नाहीत. लक्षात येतंय ना?

पूर किंवा वादळ आलं की व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड फिरू लागतात. निसर्ग वादळाच्या वेळी, जून २०२० मध्ये, तुमच्याच किनाऱ्याच्या बागा झोपल्या तेव्हाही फिरले. कोड उघडल्यावर खात्याचं नाव संस्थेचं न दिसता कुणा माणसाचं दिसलं तर पैसे पाठवू नका, तो माणूस कितीही ओळखीचा असला तरी. आणि तुम्ही स्वतः मैत्रिणींकडून काही गोळा करायला निघालात तर पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका. त्यांना संस्थेच्या खात्यात थेट भरायला सांगा.

कराचं लवकर आटपतो. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर देणगीवरची, ज्याला आपण ८०जी म्हणतो ती, करवजावट मिळतच नाही. जुन्या प्रणालीत असाल तर बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. रोखीने २,००० रुपयांच्या वर दिलं तर त्यावर नाही, आणि कपडे, धान्य, वह्या अशा वस्तूंवर तर नाहीच. नुसती पावती पुरत नाही. संस्थेने आयकर खात्याच्या संकेतस्थळावरून काढलेलं प्रमाणपत्र लागतं, ते वर्ष संपल्यावर साधारण मेअखेरपर्यंत मिळतं.

मुलीचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तिने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. तिने जर्मन नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ठरतात, तिच्याकडे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. मग संस्थेकडे विदेशी देणगी कायद्याची परवानगी आणि त्यासाठीचं दिल्लीच्या स्टेट बँकेतलं खातं असावं लागतं. गावाकडच्या लहान संस्थांकडे हे सहसा नसतं. तेव्हा पैसे पाठवण्याआधी विचारा, नाहीतर बालगृह उगीच अडचणीत यायचं.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, जो तुम्ही सगळ्यात शेवटी आणि जरा दबकत विचारलाय. साठ हजार संपतील. तुमची बँकेतली तीस-पस्तीस वर्षं संपायची नाहीत.

तुमच्या वाडीत किती घरांना कुलूप आहे आणि उरलेल्या घरांत किती जण सत्तरीच्या पुढचे आहेत, एकदा मोजा. नोव्हेंबर उजाडला की पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. हे मुद्दाम सांगतो, कारण जन्मभर भाताची लावणी आणि कापणी केलेल्या बोटांचे ठसे त्या यंत्राला उमटत नाहीत आणि म्हातारी माणसं रांगेतून परत येतात. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. केवायसी राहिली की ते येईनासे होतात, आणि का येईनात हे त्या बाईला कुणी सांगत नाही. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं थंड पडतं. दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण बुडत नाही, वारसाला मागता येते. शोधायला 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ आहे. नवरा मुंबईत गिरणीत होता, त्याचं लालबागला कुठल्यातरी बँकेत काहीतरी होतं, एवढंच माहीत असलेल्या बायका तुमच्या पंचक्रोशीत नक्की सापडतील. कुणाला वारस लावायचा राहिलाय, कुणाच्या पासबुकात नाव एक आणि आधारवर दुसरं. तुम्हाला यातलं सगळं डोळे मिटून येतं. ज्यांना येत नाही त्यांचा एकेका कागदापायी दापोलीला हेलपाटा होतो आणि त्यात दिवसाची मजुरी जाते.

ओटीवर एक टेबल टाका. आठवड्यातून एकच दिवस, दोनच तास, आणि तो दिवस चुकवू नका. दोन पथ्यं मात्र कडक पाळा. कुणाचं पासबुक, एटीएम कार्ड रात्रभर घरात ठेवून घेऊ नका. आणि मोबाइलवर आलेला ओटीपी ज्याचा त्याने टाकायचा, तुम्ही तो तोंडाने विचारायचासुद्धा नाही. नाहीतर उद्या कुणी दुसराच "त्या बँकेतल्या ताईंनी पाठवलंय" म्हणून विचारायला येईल आणि तो सांगितला जाईल. पैसे काढून आणून देण्याचं काम तर मुळीच अंगावर घेऊ नका. शंभराची नोट कमी भरली की पुण्य राहतं बाजूला.

हेच तुमचं कसब त्या बालगृहालाही हवं असणार. लहान संस्थांत माणसं मनाची चांगली असतात आणि हिशेबाची कच्ची. व्हाउचर सापडत नाही, पावतीपुस्तक अर्धं, लेखापरीक्षक रागावतो, अहवालाला उशीर, आणि मग मोठी देणगी हातची जाते. महिन्यातले दोन दिवस जाऊन कीर्द, म्हणजे रोजचा जमाखर्च, लिहून दिलीत तर त्याची किंमत तुमच्या ४,००० रुपयांहून जास्त होईल. गाडी नसली तरी चालेल, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. फक्त आधी तीन महिने करून बघते म्हणा. जन्मभराचं वचन देऊन चौथ्या महिन्यात नाहीशी होणारी मंडळी संस्थांनी भरपूर पाहिली आहेत. आणि मुलांशी गोष्टी-गाणी करायची असतील तर हा नियम दुप्पट लागू. त्या मुलांच्या आयुष्यातून आधीच पुष्कळ माणसं न सांगता गेलेली असतात.

तुमच्या भागात बघून येण्यासारखं आणखीही आहे. चिखलगावला राजा आणि रेणू दांडेकर यांनी उभं केलेलं शाळेचं काम आहे. मंडणगड तालुक्यात घराडीला अंध मुलांची निवासी शाळा आहे; आधी फोन करून विचारा, त्यांना वाचून दाखवणारा आवाज हवा असेल तर गुडघ्यांचा प्रश्न येत नाही. सासरे किंवा यजमान वाचणारे असतील आणि घरात पुस्तकं असतील तर चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आठवा. १८६४ सालचं ग्रंथालय, २००५ आणि २०२१, दोन्ही पुरांत त्याचं नुकसान झालं. पण तिथेही आधी पुस्तकांची यादी पाठवा, गठ्ठा नव्हे. वीस वर्षांपूर्वीची दहावीची गाईडं दान करणाऱ्यांत तुम्ही नसाल अशी आशा आहे.

वेळासला आणि आंजर्ल्याला हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासच्या गावकऱ्यांना घेऊन हे सुरू केलं आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरतो. अंडी फुटायला दीडेक ते दोन महिने लागतात. तुमच्या मुलीला पुढच्या वेळी तिकडे न्या. गावातल्या घरी उतरा, जेवणाचे पैसे त्या घरात जातात, आणि पिल्लांवर मोबाइलचा दिवा मारू नका. हे काही मोठं दान नव्हे, पण किनाऱ्यावर कासव जिवंत राहण्यात गावाचं पोट गुंतलं की ते राहतं.

रक्तदानाचं तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. तुम्ही पूर्वी कधी दिलं नसेल तर साठीनंतर पहिल्यांदा घेत नाहीत. नियमित देणाऱ्यांना ६५ पर्यंत चालतं. पण मे महिन्यात आंबे खायला येणारे पुतणे-भाचे तुमच्याकडे असतातच. नेमकं त्याच दिवसांत कॉलेजं बंद, शिबिरं थंड, आणि रक्ताचा तुटवडा. १८ वर्षं पूर्ण, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा, एवढं असलं की पुरे. पुरुषांना दर तीन महिन्यांनी देता येतं, बायकांना चार. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात रक्तपेढी आहे, जवळचं शिबिर कधी आहे ते तिथे विचारा. रायवळचा रस दोन वाट्या जास्त वाढण्याचं आमिष दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

आता लुगड्यांचं. ती परत मागून आणा. लाजू नका. त्या बाईंना हायसंच वाटेल. "माझं चुकलं, न विचारता आणली" एवढं म्हणा, त्यातून तुमचं त्यांच्याशी नीट बोलणं सुरू होईल. मांजरीचा संसार हलला असेल तर गोणी रिकामी झालीच असेल. धुऊन, वाळवून वाडीतल्या ज्या बाईला अजून हाताने गोधडी शिवता येते तिच्याकडे द्या, तिला तिची मजुरी द्या. त्या बारा हजारांतून. मग विचारा, मुलांना थंडीत पांघरायला गोधड्या चालतील का? चालतील म्हणाल्या तर त्यांच्या, नाही म्हणाल्या तर तुमच्या घरात.

राहता राहिलं पाणी, सासूबाईंनी उन्हाळ्यात किती हंडे वाहिले असतील ते वेगळं सांगायला नको. पाऊस थांबला की, ऐन तिथीच्या आसपासच, गावोगाव पऱ्यांवर, म्हणजे लहान ओढ्यांवर, वनराई बंधारे घालतात. महाड तालुक्यातल्या नात्याचे मोहन धारिया यांच्या 'वनराई' संस्थेवरून ते नाव पडलं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि विटांसारख्या सांधे चुकवून धारेत रचायच्या. पऱ्याला धार आहे तोवरच घालायला हवा, धार आटल्यावर अडवायचं काय? एक दिवसाचं श्रमदान, पण आजूबाजूच्या विहिरींना पुढे कित्येक आठवडे आधार होतो. तुमच्या ग्रामपंचायतीत विचारा, यंदा कुठल्या पऱ्यावर ठरलाय.

अडतं नेहमी गोण्यांपाशी. आणि तुमच्या देवळाचं तर बांधकाम चालू आहे. भाऊजींना आजच निरोप द्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या जाळू नका, फाडू नका, झटकून एका कोपऱ्यात रचून ठेवा. गुडघ्यांमुळे तुम्हाला पऱ्यात उतरता येणार नाही, तर काठावर पाट टाकून बसा आणि गोण्यांची तोंडं शिवा. दाभण आणि सुतळीचा गुंडा मात्र घरचा न्या. तिथे दहा माणसांत एकच दाभण असतं आणि तेही बोथट.